एका दिवसाचे बँकॉक : राजवाड्याशिवाय आणखी काय पाहावे?

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातून थायलंडला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. कुणी कंपनीच्या टूरवर जातो, कुणी लग्नानंतर फिरायला, कुणी विहारासाठी बुद्धमूर्ती पसंत करायला. यातल्या बहुतेकांच्या वाट्याला राजधानी बँकॉक येते ती एका दिवसापुरती. बाकीचे दिवस समुद्रकिनाऱ्यात आणि खरेदीत जातात. त्या एका दिवसासाठी हल्ली खासगी गाइड घेतला जातो आणि 'कुठे जावे, काय बघावे' अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. म्हणून आमच्या गटाचा अनुभव आणि वाचन यांवरून ही माहिती एकत्र करून देत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. बँकॉकची ठरावीक वारसा टूर ही राजाची टूर असते. राजाचा वाडा, राजाचे मंदिर, राजाने वाढवलेला विहार. बुद्धमूर्ती सगळीकडे दिसतात, पण गोष्ट राजघराण्याची सांगितली जाते. आपल्याला धम्म मिळाला तो संविधान लिहिणाऱ्या माणसाकडून. आपण राजाची गोष्ट जरूर ऐकावी, पण तेवढ्यावर दिवस संपवू नये. त्याच शहरात, त्याच दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात, भिक्खूंची आणि सामान्य माणसांचीही गोष्ट आहे. ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

टूर ठरवताना

खासगी टूर म्हणजे आपल्या गटापुरती गाडी, चालक आणि गाइड, साधारण आठ तासांसाठी. बसमधल्या मोठ्या टूरपेक्षा ती महाग पडते, पण पाच-सहा जण असतील तर परवडते. तिचा खरा फायदा एकच, स्थळे आणि क्रम आपण ठरवू शकतो. बहुतेक लोक हा फायदा घेतच नाहीत. एजंटाने पाठवलेला कार्यक्रम जसाच्या तसा मान्य करतात.

थायलंडच्या कायद्याने गाइडचा व्यवसाय फक्त थाई नागरिकांसाठी राखीव आहे. गाइडच्या गळ्यात परवान्याचे कार्ड असते, ते पाहून घ्यावे. महाराष्ट्रातून सोबत आलेल्या टूर मॅनेजरने तिथल्या स्थळांवर स्वतः गाइडचे काम करणे कायद्यात बसत नाही. हिंदी बोलणारे थाई गाइड मिळतात, पण कमी, त्यामुळे आधी मागणी नोंदवावी लागते. प्रवेशशुल्क धरले आहे की नाही, जेवण कोणाचे, जादा तासाचे किती, हे लेखी मागून घ्या. आणि कार्यक्रमात 'जेम फॅक्टरी' किंवा 'हस्तकला केंद्र' असेल तर ते काढायला सांगा. आमच्या पहिल्या खेपेला दीड तास अशा एका दुकानात गेला. ज्या विहारासाठी आम्ही आलो होतो तिथे पोहोचलो तेव्हा दार बंद होत होते. अशा दुकानांत कमिशन असते, म्हणून गाडी तिकडे वळते.

राजवाड्याबाहेर कुणी अनोळखी माणूस 'आज राजवाडा बंद आहे, चला दुसरे मंदिर दाखवतो' म्हणाला, तर हसून पुढे जावे. ही तिथली जुनी फसवणूक आहे.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, स्त्री-पुरुष दोघांनाही. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये, मूर्तीवर चढून किंवा तिच्याकडे पाठ करून वेडेवाकडे फोटो काढू नयेत. भिक्खूंना स्त्रिया स्पर्श करत नाहीत, वस्तूही थेट हातात देत नाहीत. आणि आपल्या कार्यकर्त्यांसाठी खास सूचना : राजघराण्यावर टीका, विनोद, फेसबुक पोस्ट यांपासून तिथे असेपर्यंत लांब राहा. थाई दंडसंहितेच्या कलम 112 नुसार राजा, राणी, युवराज यांच्या अवमानाला प्रत्येक गुन्ह्यासाठी 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे. गाइडलाही या विषयावर बोलायला भाग पाडू नये. आपण विमानाने परत येतो, त्याला तिथेच राहायचे असते.

सकाळ : भिक्षापात्रापासून सुरुवात

गाडी सकाळी सहाला बोलवा. एजंट कुरकुर करतो, तरी बोलवा. वाट बेन्चमबोफित म्हणजे पर्यटकांचे 'मार्बल टेम्पल'. राजा चुलालोंगकोर्न (पाचवा राम) याने 1899 मध्ये याचे बांधकाम सुरू केले, संगमरवर इटलीहून आणला. पण पहाटे तिथे संगमरवरापेक्षा पाहण्यासारखी गोष्ट बाहेर रस्त्यावर असते. भिक्खू पात्र घेऊन विहारासमोर उभे असतात, आणि ऑफिसला निघालेले लोक, शाळेतली मुले, भाजीवाल्या बाया भात-भाजीची पाकिटे त्यात ठेवून क्षणभर हात जोडून पुढे जातात. भाषणे नाहीत, हार-तुरे नाहीत. आपल्याकडे भन्तेंच्या भोजनदानाचा कार्यक्रम बऱ्याचदा मंच आणि माइकशिवाय होत नाही, हे तिथे उभे राहिल्यावर जाणवते.

आतल्या ओवरीत वेगवेगळ्या देशांच्या आणि काळांच्या शैलीतल्या पन्नासहून अधिक बुद्धमूर्ती मांडल्या आहेत. मूर्तिशास्त्र शिकायला याहून सोपी जागा नाही. हाडांचा सापळा झालेला तपश्चर्येतला सिद्धार्थ तिथे आहे, तो गांधार शैलीचा. महाराष्ट्रातल्या अनेक विहारांत थायलंडहून दान आलेल्या मूर्ती आहेत. डोक्यावर ज्वालेसारखे टोक, उजवा हात जमिनीकडे. या भूमिस्पर्श मुद्रेला थाई लोक 'मारविजय' म्हणतात.

राजवाडा आणि भिंतीवरचे रामायण

ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो. परदेशी माणसाला 500 बाथ तिकीट. उघडताच आत गेलात तर तासाभरात होतो, दहानंतर नुसती ढकलाढकली. बँकॉक राजधानी झाली 1782 मध्ये. आवारातल्या वाट फ्रा केओमध्ये 'एमराल्ड बुद्ध' आहे. नाव पाचूचे असले तरी दगड जेड जातीचा, उंची जेमतेम 66 सेंटिमीटर. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजा स्वतः त्याची वस्त्रे बदलतो. या मंदिरात भिक्खू राहत नाहीत. ते राजाचे खासगी मंदिर आहे.

मूर्ती इथली नाही, हे गाइड सहसा घाईत सांगतो. 1779 मध्ये सयामी सैन्याने लाओसची राजधानी वियेंतियान जिंकली तेव्हा ती उचलून आणली. ज्या सेनापतीने आणली तोच तीन वर्षांनी पहिला राम म्हणून गादीवर बसला. वियेंतियानमध्ये तिची मूळ जागा 'हो फ्रा केओ' या नावाने आजही आहे, मूर्तीविना. बुद्धमूर्ती ज्याच्या ताब्यात त्याचे राज्य पक्के, असा हा हिशेब होता.

आणि मग ओवरीतली चित्रे. आपल्या तरुणांना सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो. बौद्ध मंदिराच्या भिंतीवर 178 चित्रांमध्ये रामकथा आहे, तिचे थाई रूप 'रामकियन'. राजांची बिरुदे राम. जुन्या राजधानीचे नाव अयुथ्या, म्हणजे अयोध्या. शहरात थोड्याच अंतरावर लाल रंगाचा उंच 'महाझोपाळा' आणि त्याजवळ 1784 मध्ये बांधलेले ब्राह्मणांचे देवस्थान. राज्याभिषेकात आणि शाही नांगरणीच्या सोहळ्यात दरबारी ब्राह्मण आजही विधी करतात. मॉलच्या चौकात चार तोंडांचा ब्रह्मा, त्याच्यासमोर अगरबत्त्यांचा धूर. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ज्यांच्या ओठांवर आहे, त्यांनी यावर काय म्हणायचे?

आमच्या पाहण्यात दोन प्रतिक्रिया येतात. एक, 'हे कसले बौद्ध!' म्हणून हिणवणे. दुसरी, 'बघा, तिथेही राम आहे' असे म्हणणाऱ्यांपुढे गप्प बसणे. दोन्ही चुकीच्या आहेत. थायलंडमध्ये रामकथा आली ती राजेशाहीचा अलंकार म्हणून. दरबारी ब्राह्मण तिथे विधीचा नोकर आहे. त्याच्या मागे जातिव्यवस्था नाही, गावकुसाबाहेरची वस्ती नाही, संघावर त्याची सत्ता नाही. राजा भिक्खूपुढे वाकतो आणि तरुणपणी स्वतः चीवर घालतो. आपल्या प्रतिज्ञा जन्मल्या त्या जातीच्या अनुभवातून, ज्यात तेच देव माणसाच्या गुलामीचा आधार होते. एकाच चिन्हाचा दोन समाजांत वेगळा अर्थ होऊ शकतो. म्हणून थाई उपासकाला आपण आपली प्रतिज्ञा समजावून सांगावी, त्याच्यावर लादू नये. आणि आपल्या विहारात ब्रह्मा आणू नये. ताईत-तोडग्यांचेही तसेच. था फ्राचान घाटाजवळ बुद्धप्रतिमांच्या लॉकेटांचा मोठा बाजार भरतो, संकटातून वाचवणारे, धंद्यात बरकत देणारे. बाजार पाहावा. विकत घेऊन भावकीत वाटत बसू नये.

वाट फो : दगडावरची शाळा

राजवाड्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. 'फो' म्हणजे बोधी. विहाराचे अधिकृत नाव वाट फ्रा चेतुफोन, त्यातला 'चेतुफोन' म्हणजे अनाथपिंडिकाचे जेतवन. 'वाट' हा शब्द पालीतल्या आवार या अर्थाच्या शब्दावरून आला असे मानतात, आपला 'वाडा'ही त्याच घरातला. थाई शब्द असे उकलत गेले की भीड चेपते : माघ बुचा म्हणजे माघ पूजा, विसाख बुचा म्हणजे वैशाख पूजा, आचान म्हणजे आचार्य.

इथली पहुडलेली बुद्धमूर्ती 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्याच्या जडावाने 108 मंगलचिन्हे कोरली आहेत. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातले महापरिनिर्वाण ज्यांनी पाहिले आहे त्यांनी फरक बघावा. अजिंठ्यात डोळे मिटलेले, खाली शोक करणारे शिष्य. इथे डोके हातावर टेकलेले, डोळे उघडे.

सगळे मूर्तीचा फोटो काढून निघतात. तुम्ही गाइडला शिलालेखांकडे न्यायला सांगा. तिसऱ्या रामाच्या काळात, 1831 ते 1841 दरम्यान, इथल्या भिंतींवर आणि खांबांवर औषधे, मालिश, काव्यशास्त्र, इतिहास, नीती असे विषय दगडात कोरून ठेवले. हजाराहून अधिक शिलालेख. युनेस्कोने 2011 मध्ये त्यांची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. थायलंडचे पहिले सार्वजनिक विद्यापीठ असे याला कौतुकाने म्हटले जाते. ज्ञान पोथीत बांधून न ठेवता भिंतीवर लावणे ही बुद्धाच्या वाटेची गोष्ट खरीच. पण विहाराच्या शाळेत मुलगेच शिकत. मुलींना तो दगड वाचता येत नव्हता. 1831 हे सावित्रीबाईंचे जन्मवर्ष, हे आम्हाला तिथे उभे असताना आठवले.

नदीपलीकडचे वाट अरुण (अरुण म्हणजे आपलाच अरुण) होडीने पाच मिनिटांत. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेले शिखर सुंदर आहे. वेळ कमी असेल तर अलीकडच्या काठावरून पाहिले तरी चालते.

वाट महाथात : चीवर उतरवले गेले तो विहार

हे स्थळ एजंटाच्या यादीत नसते. राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानालगत आहे, तिकीट नाही. इथेच पाचव्या रामाने 1887 मध्ये स्थापन केलेल्या भिक्खू विद्यापीठाचे मूळ आहे. आज ते महाचुलालोंगकोर्न विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. इसान म्हणजे ईशान्येचा गरीब, दुष्काळी भाग. तिथल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकायचे तर श्रामणेर होणे हाच कित्येक पिढ्या मार्ग होता. विहार त्यांचे वसतिगृह, शाळा आणि शहरात येण्याची शिडी. आपल्याकडे जे काम बोर्डिंगांनी आणि मिलिंद महाविद्यालयाने केले, त्याच्याशी ताडून पाहता येते.

असाच इसानमधून आलेला एक भिक्खू या विहाराचा प्रमुख झाला, फ्रा फिमोन्थम. ब्रह्मदेशातल्या महासी सयाडोंच्या परंपरेतली विपश्यना त्यांनी 1950 च्या दशकात इथे आणली आणि सामान्य लोकांसाठी खुली केली. लोक जमू लागले. लष्करी हुकूमशहा सरित यांच्या सरकारने 1962 मध्ये त्यांना कम्युनिस्ट ठरवून अटक केली, चीवर उतरवले, तुरुंगात टाकले. 1966 मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडले. त्याच 1962 साली नवा संघ कायदा आला. 1941 च्या कायद्याने संघाच्या कारभारात आणलेली लोकशाही रचना मोडून सगळी सत्ता वरच्या परिषदेकडे दिली. 2018 च्या दुरुस्तीने त्या परिषदेच्या नेमणुका राजाच्या हाती गेल्या. राजाश्रय मिळालेल्या संघाला ही किंमत मोजावी लागते. 'आपल्याकडेही सरकारने धम्माला आश्रय द्यावा' असे भाषणात सहज म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

दोन पावलांवर थम्मसात विद्यापीठ आहे. 6 ऑक्टोबर 1976 रोजी इथे पोलीस आणि उजव्या टोळ्यांनी आंदोलक विद्यार्थ्यांची कत्तल केली. त्याच वर्षी कित्तिवुद्धो या प्रसिद्ध भिक्खूने, कम्युनिस्टांना मारण्यात पाप नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. चीवर घातलेला माणूसही असे बोलू शकतो. आवारात स्मारक आहे. तिथे दोन मिनिटे थांबा, घोषणा देऊ नका.

विहारात पांढऱ्या कपड्यांतल्या, मुंडन केलेल्या स्त्रिया दिसतील. त्या 'मे ची'. भिक्खुणी नव्हेत. थाई संघराजाच्या 1928 च्या आदेशाने भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई आहे. थम्मसातमध्ये शिकवणाऱ्या चत्सुमार्न कबिलसिंग यांनी 2003 मध्ये श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतली. त्या आता भिक्खुणी धम्मनंदा. त्यांचा विहार बँकॉकच्या पश्चिमेला नाखोन पथोममध्ये आहे. आणखी अर्धा दिवस हाताशी असेल तर, विशेषतः मुलींच्या गटाने, समुद्राऐवजी तिकडे जावे.

संध्याकाळ : पिपरहवाच्या अस्थी

दिवसाचा शेवट वाट सकेतच्या सुवर्णटेकडीवर करा. टेकडी माणसाने केलेली आहे. तिसऱ्या रामाने मोठा चैत्य बांधायला घेतला, दलदलीच्या जमिनीत तो खचला, त्या ढिगाऱ्यावर पुढच्या राजांनी आजचा चैत्य उभा केला. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण चढ सोपा. वाटेत गिधाडे आणि प्रेतांचे पुतळे दिसतात. शहराच्या तटाबाहेरची ही जागा प्रेतांची होती. पटकीच्या साथींत हजारो माणसे मेली, जाळायला लाकूड पुरले नाही, गरिबांची प्रेते गिधाडांवर सोडली गेली. तटाच्या ज्या दरवाजातून ती आणत त्याला 'भुतांचा दरवाजा' म्हणत. वारसा टूरमध्ये सामान्य माणूस दिसतो तो असा, मेल्यावर.

वर चैत्यात तथागतांच्या अस्थी आहेत, त्या गेल्या उत्तर प्रदेशातल्या पिपरहवाहून. आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेजवळ. जानेवारी 1898 मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीतला स्तूप खणला. दगडी पेटीत कलश मिळाले, एकावर ब्राह्मी लेख होता, शाक्यांनी ठेवलेल्या बुद्धाच्या अस्थींचा. त्या वेळी भारतात त्या अस्थींवर हक्क सांगणारा संघटित बौद्ध समाज नव्हता. बुद्धगयेत अनागारिक धर्मपाल यांचा महंताविरुद्ध संघर्ष चालू होता, 1895 मध्ये तो कोर्टात गेला होता. ब्रिटिश सरकारने अस्थी दिल्या सयामच्या राजाला, कारण तोच स्वतंत्र बौद्ध राजा उरला होता. राजपुत्र असलेला आणि श्रीलंकेत भिक्खू झालेला जिनवरवंस याने त्यासाठी खटपट केली. 1899 मध्ये अस्थी बँकॉकला आल्या, काही भाग राजाने ब्रह्मदेश, श्रीलंका आणि पुढे जपानला दिला, उरलेला या टेकडीवर ठेवला.

अस्थींसोबत सापडलेल्या रत्नांतला मोठा भाग कोलकात्याच्या संग्रहालयात गेला, काही पेपे कुटुंबाकडे राहिली. मे 2025 मध्ये तीच रत्ने हाँगकाँगला लिलावात निघाली. भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव थांबला आणि जुलै 2025 मध्ये ती भारतात परतली. त्याआधी फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये पिपरहवाच्याच पुढच्या उत्खननातल्या अस्थी, सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थींसह, भारतातून थायलंडला दर्शनासाठी नेल्या होत्या. सनाम लुआंगवर लाखो लोक आले. अस्थी परदेशी मित्रराष्ट्रांकडे सन्मानाने जातात, आणि महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन मात्र 1949 च्या कायद्यानुसार अजून बौद्धांच्या एकट्याच्या हाती नाही. बुद्धगयेच्या आंदोलनात बसलेल्या तरुणांनी सुवर्णटेकडीवर उभे राहून ही तारीखवार साखळी एकदा जुळवून पाहावी. थाई उपासकांनाही सांगावी. बुद्धगयेला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांना हा कायदा माहीत नसतो.

सूर्यास्ताला वर घंटा वाजत असतात. वंदना म्हणायला कुणाची हरकत नसते. पाली शब्द तेच आहेत, चाल वेगळी. आम्ही त्रिसरण म्हणताना शेजारच्या एका आजीबाईंनी आपोआप सूर धरला.

दुसरा दिवस मिळाला तर

सुखुमवित रस्त्यावरच्या बेन्चसिरी उद्यानात जागतिक बौद्ध परिषदेचे, म्हणजे वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्सचे, मुख्यालय आहे. याच संस्थेच्या 1950 च्या श्रीलंकेतल्या, 1954 च्या रंगूनच्या आणि नोव्हेंबर 1956 च्या काठमांडूच्या परिषदांना बाबासाहेब गेले होते. 1969 पासून तिचे कायमचे ठिकाण बँकॉक आहे. आधी कळवून गेल्यास बरे.

विहारासाठी मूर्ती आणायची असेल तर फक्त दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातल्या लहान प्रतिमा सोडल्या तर नव्या मूर्तीलाही लागतो. अर्जासोबत मूर्तीचे फोटो आणि पासपोर्टची प्रत द्यावी लागते आणि परवाना हातात पडायला काही दिवस जातात. म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी मूर्ती घेतली तर ती बँकॉकलाच राहते. दुकान परवाना काढून मूर्ती मागाहून जहाजाने पाठवणार असेल, तर परवान्याची प्रत, मूर्तीची उंची आणि धातू पावतीवर लिहून घ्या, आणि पावती विहार समितीच्या नावाने करा.